जाणता घोडा, नवखा स्वार

बावड्याच्या मळ्यांत नवा खोंड औताला धरायचा असला म्हणजे शेतकरी दोन नवे खोंड एका जुवाखाली आणत नाही. घरचा मुरलेला बैल एका अंगाला ठेवतो आणि दुसऱ्या अंगाला खोंड जुंपतो. तास कुठे संपते, वळताना कोणी थांबायचे आणि कोणी पुढे सरायचे, जड जमिनीत खांदा कसा द्यायचा, हे मालकाच्या हाळीआधी शेजारचा बैलच त्याला शिकवतो. कोल्हापूरच्या तालमीतही हाच रिवाज. वस्ताद नव्या पोराला एखाद्या जाणत्या मल्लाच्या हाती देतो. तो मल्ल पोराला चीत करण्यासाठी खेळत नाही, डाव कुठे लागतो आणि कुठे निसटतो हे पोराच्या अंगाला कळावे म्हणून खेळतो.

घोडेस्वारीची एक कडक आणि तितकीच नाजूक शाखा आहे, तिलाही हाच न्याय लागू पडतो. फरक एवढाच, की तिथे जाणता असतो तो घोडा आणि नवखा असतो तो माणूस. या शाखेला ड्रेसाज म्हणतात. जनावराला वळण लावणे, शिकवून तयार करणे, अशा अर्थाचे एक फ्रेंच क्रियापद आहे, त्यापासून हा शब्द आला. आपल्याकडे तो घरोघर पोचला तो २६ सप्टेंबर २०२३ रोजी. चीनमधल्या हांगचौ शहरी आशियाई खेळांत भारताच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक मिळवले. मुंबईचा हृदय छेडा, कोलकात्याचा अनुष अगरवाला, जयपूरची दिव्यकृती सिंग आणि इंदूरची सुदीप्ती हजेला असे चौघे स्वार होते. त्यांतल्या उत्तम तिघांच्या गुणांची बेरीज झाली २०९.२०५. दिल्लीच्या १९८२ च्या खेळांनंतर घोडेस्वारीत आपल्याला सुवर्ण मिळायला ४१ वर्षे लागली होती.

त्या दिवशी दूरदर्शनवर ती दृश्ये पाहून पुष्कळांच्या मनात एक प्रश्न आला असेल. घोडा धावत नाही, अडसर उडून जात नाही, नुसता चालतो, वळतो, थांबतो. मग यात पदक कशाचे?

प्रश्न रास्त आहे. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असे सपाट रिंगण असते. कडेने रोमन अक्षरे लावलेली असतात आणि तीही बाराखडीच्या ओळीने नव्हेत. ए, के, व्ही, ई, एस, एच, सी असा त्यांचा तऱ्हेवाईक क्रम. कुठल्या अक्षरापाशी कुठली चाल सुरू करायची, कुठे गोल घ्यायचा, कुठे थांबायचे, हे आधी ठरलेले असते. पंच प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. चाली मुख्यतः तीन. साध्या चालीत चार पाय एकामागून एक पडतात, म्हणजे चार ठोके. दुडकीत पुढचा एक आणि त्याच्या तिरका मागचा एक असे दोन पाय जोडीने पडतात, म्हणजे दोन ठोके. तिसरी चाल, जिला कँटर म्हणतात, ती तीन ठोक्यांची, आणि तिसऱ्या ठोक्यानंतर चारही पाय क्षणभर अधांतरी. भरधाव चौखूर उधळणे याला इथे जागाच नाही. ठोके चुकता कामा नयेत. तबल्याच्या लयीसारखे ते शेवटपर्यंत सारखे पडले पाहिजेत.

आता यात अवघड काय ते पाहा. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे तीनपंचमांश भाग पुढच्या दोन पायांवर असतो. मान आणि डोके पुढे, म्हणून हे साहजिकच आहे. त्यात स्वार पाठीवर बसतो, तोही पाठीच्या पुढच्या भागावर, म्हणजे पुढच्या पायांचे ओझे आणखी वाढते. असा घोडा वळताना खांद्यावर पडतो, ठेचकाळतो, आणि वर्षे लोटली की पुढचे पाय आधी निकामी होतात. ड्रेसाजचा सारा खटाटोप हे ओझे मागे नेण्याचा आहे. मागचे पाय पोटाखाली आले पाहिजेत, पुठ्ठा किंचित खाली बसला पाहिजे, पाठ वर उचलली गेली पाहिजे. तसे झाले की पुढचे अंग हलके होते आणि घोडा जागच्या जागी दुडकी घेऊ शकतो, एका मागच्या पायाभोवती फिरू शकतो. पंच पदक देतात ते अशा ओझे पेलण्याला. पण हे बळ एका महिन्यात येत नाही. चार वर्षांच्या शिंगराला हाती घेतले तर वरच्या पायरीला पोचेपर्यंत त्याला दहावे वर्ष लागते, कधी त्याहून अधिक.

तुम्ही म्हणाल, जागच्या जागी पाय उचलणारा घोडा तर आम्ही लग्नाच्या वरातीत आणि उरुसात पाहिला आहे. होय, दिसायला दोन्ही सारखेच. परंतु वरातीतला पुष्कळसा नाच तोंडातले लोखंड आणि पायांवरची छडी यांच्या मधला नाच असतो. पुढे जावे तर तोंड दुखते, उभे राहावे तर पाय दुखतात, म्हणून ते बिचारे जागीच तडफडते. त्याची पाठ खचलेली, मान ताठ, डोळे पांढरे झालेले असतात. हे काही मी कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. त्या मालकांचे पोट त्यावर आहे, आणि त्यांच्यातही जनावराला जीव लावणारे लोक आहेत. फरक डोळ्यांना कळावा म्हणून सांगतो. काटे किंवा गाठी असलेला लगाम वापरण्यास तर आपल्या देशात १९६५ च्या नियमांनीच मनाई आहे.

मग छडीशिवाय घोड्याला सांगायचे कसे? घोड्याचे तोंड पाहिले तर पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये उघडी हिरडी असते. लगामाची कडी तिथे बसते. वर पातळ कातडी आणि खाली हाड, इतकी ती जागा हळवी. अंगावर बसलेली माशीही घोड्याला कळते आणि तेवढीच कातडी तो थरथरवतो. अशा जनावराला ओढण्याची गरज नसते. स्वाराजवळ तीन साधने आहेत : बैठक, पाय आणि हात. त्यांत बैठक पहिली, हात शेवटचे. पायाने हलका दाब द्यायचा, आणि घोड्याने हवे ते केले की त्याच क्षणी दाब सोडायचा. शिकवतो तो दाब नव्हे, दाब सुटणे शिकवते. क्षण चुकला, घोडा चालू लागल्यावरही टाच मारीतच राहिलात, तर घोडा एवढेच शिकतो की टाच हा अर्थ नसलेला त्रास आहे.

घोडा माणसाचे अंग किती बारकाईने वाचतो याची एक नामांकित हकीकत आहे. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला. त्याचे मालक फोन ऑस्टन हे शाळामास्तर. पाच आणि तीन किती असे विचारले की हान्स खुराने आठ टापा मारून थांबे. विद्वानांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंगस्ट या संशोधकाने १९०७ साली उलगडा केला. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसेनासा केला, की हान्स चुके. प्रश्न विचारल्यावर माणूस नकळत किंचित पुढे झुकतो, आणि बरोबर आकडा आला की त्याची मान तितकीच नकळत सरळ होते. ती हालचाल ना मालकाला ठाऊक होती ना समितीला. घोड्याला ठाऊक होती! आम्हा मास्तर लोकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. वर्गातली मुलेही आमचे चेहरे पाहून उत्तरे बदलतात.

म्हणजे स्वार पाठीवर बसला की तो सारखा काहीतरी बोलतच असतो, बोलायचे असो वा नसो. आणि इथेच नवख्याची अडचण आहे. नवख्याचे अंग बडबडते. गुडघे आवळले जातात, हात वर उडतात, तोल गेला की तो लगामाला लोंबकळतो. असा माणूस न शिकलेल्या घोड्यावर बसवला तर दोघांनाही उत्तर ठाऊक नसते. म्हणून बसवायचे ते जाणत्या, वयस्क घोड्यावर, ज्याने उत्तरे आधीच पाठ केली आहेत. माथेरानच्या टट्टूवर तुम्ही बसला असाल. ते टट्टू रस्ता जाणते, तुम्हाला नेऊन आणते, स्वाराने काय सांगितले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. शाळेचा घोडा भाषा जाणतो. तुम्ही डाव्या बाजूला जरा जास्त कललात की तो डावीकडे सरकतो. तुम्हाला वाटते घोडा भरकटला. शिक्षक म्हणतो, 'नाही, त्याने तुमचे ऐकले.' मग तुम्ही अंग सावरता आणि घोडा सरळ होतो. हा धडा कितीही पुस्तके वाचून मिळत नाही, कारण तो कमरेला आणि मांड्यांना शिकायचा असतो, डोक्याला नव्हे.

पहिले धडे लगाम हाती न देताच दिले जातात. शिक्षक मध्ये उभा राहून लांब दोरीने घोड्याला गोल फिरवतो आणि स्वार रिकिबी सोडून, हात मोकळे ठेवून नुसता बसायला शिकतो. याला आपल्याकडे जुना शब्द आहे : कावा. घोड्याला कावा देणे म्हणजे त्याला दोरीवर किंवा लगामावर गोल फिरवणे. आज कावा म्हटले की आपल्याला फक्त गनिमी कावा आठवतो, पण जुन्या मराठी कोशात हा घोड्याचा अर्थ आहे. हात मोकळे ठेवण्याचे कारण दयेचे आहे तसेच सोयीचेही. तोल सांभाळायला लगामाचा आधार घेण्याची खोड एकदा लागली की ती सुटत नाही, आणि किंमत घोड्याची हिरडी मोजते.

ही पद्धत सगळ्यांत चोख पाळली जाते ती व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये. सोळाव्या शतकापासून ती संस्था चालू आहे. तिचे आजचे दालन १७३५ साली पुरे झाले. तिथे आत शिरताना स्वार समोरच्या भिंतीवरच्या सम्राट सहाव्या चार्ल्सच्या तसबिरीला टोपी काढून नमस्कार करतो; तालमीत उतरताना आपले पैलवान मारुतीला हात जोडतात तसा. नवा उमेदवार प्रथम मुरलेल्या पांढऱ्या लिपिझान घोड्यांवर दोरीवरची बैठक शिकतो. घोडा त्याला तयार करतो, आणि अनेक वर्षांनी तोच माणूस एका नव्या शिंगराला तयार करतो. माणसाने घोडा घडवायचा, घोड्याने माणूस घडवायचा, अशी ही साखळी. १९४५ साली महायुद्धाच्या शेवटी ती तुटायला आली होती. संस्थेचे प्रमुख पोधाय्स्की यांनी बाँबवर्षावातून घोडे शहराबाहेर हलवले, आणि ७ मे रोजी अमेरिकन सेनापती पॅटन यांच्यापुढे त्यांचा खेळ करून दाखवून संरक्षण मागितले. पॅटन स्वतः १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेले, पोधाय्स्की १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे कांस्यपदक घेतलेले. एका घोडेस्वाराने दुसऱ्याचे ऐकले. नाहीतर इमारत उभी राहिली असती आणि विद्या गेली असती.

आपल्याकडे काय झाले? कसबा बावड्यातल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. घोड्यांचा आणि शिकारीचा त्यांचा नाद सर्वश्रुत आहे. त्याच्याही मागे गेले तर दख्खनच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात घोडे फिरवण्याच्या मैदानाला वाह्याली असे नाव आहे आणि तिथल्या खेळांचे वर्णन आहे. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा मिळालेला तो बारगीर. शिवकाळी पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. विचार केला तर आजच्या रायडिंग स्कूलमध्ये तासाचे पैसे भरून शिकणारा विद्यार्थी हा बारगीरच. घोडा त्याचा नव्हे, पण त्याच्या पाठीची आणि तोंडाची जबाबदारी मात्र तेवढ्या वेळेपुरती त्याची.

या पागांत घोडा तयार करणाऱ्या माणसाला चाबुकस्वार म्हणत. हा शब्द ऐकून आपल्यापुढे हंटर उगारलेला माणूस उभा राहतो. पण फारसीत 'चाबुक' याचा एक अर्थ चपळ, तरबेज असा आहे. चाबुकस्वार म्हणजे तरबेज स्वार. संस्थाने गेली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पागांचे दिवस सरले. चाबुकस्वार, पागे, पागनीस ही नावे आडनावांत उरली. घोडे राहिले, तुटली ती साखळी. हांगचौचे चौघे स्वार युरोपात जाऊन वर्षानुवर्षे शिकले ते याच कारणाने. पैसा असला तर घोडा विकत मिळतो, रिंगण बांधता येते. पण ज्याच्या पाठीवर बसून भाषा कळते असा जुना घोडा आणि त्याला घडवणारा माणूस हे एकमेकांशिवाय तयार होत नाहीत.

आपल्याकडच्या शाळांची अडचण यातूनच कळते. पुष्कळ ठिकाणी शिकवायला घेतलेले घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले असतात. शर्यतीच्या घोड्याला लगामावर भार देऊन पळण्याची सवय असते. लगाम ताणला की तो थांबण्याऐवजी जोर करतो. त्याची ही समजूत पुसून नवी लिहायला जाणत्या स्वाराचे महिनेच्या महिने जातात. बरे, घोडा तयार झाला तरी काम संपत नाही. रोज पाच-सहा नवख्यांनी तोंड ओढले, टाचा मारल्या, की महिन्याभरात त्याचे तोंड निबर होते, कुशी बधिर होतात. तो उत्तरे द्यायचे सोडून देतो. म्हणून चांगल्या शाळेत शिक्षक आठवड्यातून काही वेळ स्वतः त्या घोड्यावर बसतो आणि विस्कटलेली भाषा पुन्हा नीट करतो. तुम्ही मुलाला कुठे शिकायला घालणार असाल, तर भिंतीवरच्या ढाली मोजू नका. शाळेचे घोडे रोज किती तास कामाला असतात आणि शिक्षक स्वतः त्यांच्यावर बसतो का, हे दोन प्रश्न विचारा. घोड्याच्या पाठीवर, खोगिराच्या जागी, पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते जुन्या जखमांचे वण असण्याचा संभव असतो, तेही पाहा.

हा श्रीमंतांचा आणि बलदंडांचा खेळ आहे, अशीही एक समजूत आहे. पैशाबद्दल ती खोटी नाही. किंबहुना एके काळी ऑलिंपिकमध्ये ती नियमानेच खरी होती. १९४८ साली लंडनला स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्ण जिंकले, आणि पुढच्या वर्षी ते काढून घेण्यात आले. कारण एक स्वार, गेनेल पेर्सोन, हा अधिकारी नसून सार्जंट आहे असे निघाले! स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती. म्हणजे शिलेदार चालतो, बारगीर चालत नाही. या प्रकाराने इतकी शोभा झाली की १९५२ पासून दार सर्वांना उघडे झाले, स्त्रियांनाही. पेर्सोनने त्याच वर्षी आपल्या संघाबरोबर सुवर्ण मिळवले. आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंनी रौप्य. १९४४ साली पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय निकामी झाले होते; घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना माणसे लागत. पायांत जोर नाही, टाच मारता येत नाही, आणि तरी ज्युबिली नावाची त्यांची घोडी त्यांचे सगळे ऐके. बैठक पहिली असे मघाशी म्हटले, त्याला याहून मोठा दाखला मला माहीत नाही. १९५६ सालीही त्यांनी पुन्हा रौप्य घेतले.

याच्या उलट गोष्टही सांगितली पाहिजे. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके मिळवलेली ब्रिटनची शार्लट दुजार्डिन २०२४ च्या पॅरिस स्पर्धेच्या तोंडावर माघारी फिरली. जुन्या एका शिकवणीच्या वेळचे चित्रण बाहेर आले होते. पाठीवर विद्यार्थी बसलेला, आणि ही खालून लांब चाबकाने घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा फटके मारते आहे. तिने चूक कबूल केली, जागतिक संघटनेने तिच्यावर एक वर्षाची बंदी घातली. फटक्याने घोडा पाय उचलतो यात शंका नाही. पण त्या दिवशी पाठीवरच्या विद्यार्थ्याच्या कमरेला काय समजले असेल? इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीकाने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले, त्याचाही कल हाच होता, की जबरीने करवलेल्या हालचालीत ना समज असते ना सौंदर्य.

धड्याच्या शेवटच्या दहा मिनिटांबद्दल सांगायचे राहिले. नवखे लोक या वेळी घड्याळाकडे पाहू लागतात. लगाम सैल सोडायचा आणि घोड्याला साध्या चालीने फिरवायचे. चांगला बसलेला तास असेल तर घोडा मान हळूहळू खाली आणि पुढे लांबवतो, नाकातून फुरफुरतो. पाठ मोकळी असल्याची ती खूण. ताठ मानेने तो दाराकडे ओढू लागला तर कुठेतरी दुखते आहे असे समजावे. उतरल्यावर तंग एकदोन घरे सैल करायचा, रिकिबी वर सरकवून ठेवायच्या, म्हणजे चालताना त्या कुशीवर आपटत नाहीत. ठाणावर नेऊन खोगीर काढले की पाठीवरून तळहात फिरवायचा. एखादी जागा गरम लागली किंवा हात लागताच घोड्याने अंग चोरले तर मोतद्दाराला तिथेच दाखवायचे. मग खुरांतली माती काढणे आणि खरारा. श्वास खाली बसून अंग थंड झाल्यावरच चंदीची पाटी पुढे ठेवायची.